गोदातीर संशोधन मंदिराची पहिली फेलोशिप

८ जून २०२५, रविवार. सकाळी.

आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांच्या रोजनिश्या पुढे संशोधकांना उपयोगी पडतात. माझी कुणी वाचावी अशी अजिबात अपेक्षा नाही. तरी अक्षर जरा नीट काढतोय.

मोठी बातमी. मुंबईचं अनुबोध प्रतिष्ठान मानव्यविद्यांसाठी दोन वर्षांची फेलोशिप देणार आहे. अट अशी की फेलोने विद्यापीठात नव्हे, स्वतंत्र संस्थेत बसून काम करायचं. म्हणजे आमच्यासारख्या. या देशात कुणाला तरी अक्कल आली म्हणायची. उभी हयात कॉलेजात इतिहास शिकवला, तिथे संशोधन सोडून सगळं चालतं हे माझ्याइतकं कुणाला माहीत?

योजना. संस्था : गोदातीर संशोधन मंदिर, कोपरगाव. संस्थापक-संचालक मी. फेलो मी. मार्गदर्शकही मीच, म्हणजे मतभेद नकोत. विषय माझा ग्रंथ, 'गोदाकाठची मानवी संस्कृती', खंड एक ते पाच. पहिल्या खंडाची प्रस्तावना जवळजवळ पूर्ण आहे.

सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, आधी संस्थेचं लाईट बिल भरा. ती निवृत्त शिक्षिका, तिच्या पेन्शनमधून संस्थेला किरकोळ मदत होते, हे खरं. बौद्धिक बाजू पूर्णपणे माझी.

९ जून.

नियमावली पूर्ण वाचली. फेलो चाळिशीच्या आतला हवा. संस्थेचा पदाधिकारी नको.

हे असे नियम करणारे लोक मानव्यविद्या काय वाचवणार? माणूस साठीनंतर कुठे विचार करायला लागतो. प्रतिष्ठानला खरमरीत निषेधपत्र लिहायचं ठरवलं. दुपारी जेवण जड झालं.

१२ जून.

इन्शा आली होती. माझी एम.ए.ची विद्यार्थिनी. वर्गात पुढच्या बाकावर बसायची आणि प्रश्न विचारायची, ही तिची एकच खोड. सध्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. वडील लालमहंमद यांचं गाद्या-उश्या भरून देण्याचं दुकान.

तिनेही ती जाहिरात पाहिलेली. संस्था हवी म्हणून माझ्याकडे आली. तिचा विषय ऐकून हसू दाबावं लागलं. भोंगा! साखर कारखान्याचा भोंगा. म्हणे कारखाना आला तेव्हा घड्याळं मूठभर घरांत होती. सगळं गाव भोंग्यावर उठायचं, जेवायचं, झोपायचं. बायांच्या बाळंतपणाच्या वेळासुद्धा भोंग्यावरून सांगतात. ती गेली दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी फिरून म्हाताऱ्याकोताऱ्यांची बोलणी मोबाईलवर रेकॉर्ड करतेय. ही माणसं चालली आहेत सर, म्हणाली, घाई केली पाहिजे.

मी विचारलं, यात इतिहास कुठे आहे? ती म्हणाली, "सर, वेळ कुणाच्या मालकीची होती, हाच इतिहास आहे." वाक्य बरं आहे. बहुधा माझ्याच एखाद्या लेक्चरमधलं असावं.

उदार मनाने परवानगी दिली. फेलो कुणीही असो, ओळखली जाते ती संस्था. शिवाय तिचं काम पाचव्या खंडात परिशिष्ट म्हणून घेता येईल.

१७ जून.

तिच्या प्रस्तावावर हात फिरवला. 'भोंगा' हे काय शीर्षक झालं? नवं शीर्षक : 'गोदाखोऱ्यातील ध्वनिसंकेत आणि कालभान : एक समाज-सांस्कृतिक चिकित्सा (विशेष संदर्भ : पेशवेकालीन कोपरगाव)'. वजन आलं.

इन्शाने कागद वाचून टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "सर, पेशव्यांच्या काळात साखर कारखाना नव्हता."

मी म्हणालो, तीच तर संशोधनाची मर्यादा म्हणून लिहायची.

२४ जून.

अर्ज अडलाय, पण माझ्यामुळे नव्हे. संस्थेच्या लेटरहेडवर अजून 'जि. अहमदनगर' आहे. जिल्ह्याचं नाव बदललं आणि आम्ही जुन्या कागदावर अर्ज करायचा? मुंबईचे लोक काय म्हणतील? नवं लेटरहेड छापायला टाकलं. प्रेसवाल्याने 'मंदिर'चं 'मंदीर' केलं. सगळा गठ्ठा परत. इन्शाचा रोज फोन. तिला सांगितलं, शुद्धलेखनाशी तडजोड केली की संस्कृती संपते.

३० जून.

शेवटची तारीख. लेटरहेड दुपारी आलं. सही केली, शिक्का मारला. इन्शा स्टँडसमोरच्या सायबर कॅफेत सकाळपासून बसून होती. संध्याकाळी मेसेज : "गेला सर." माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. फार दगदग झाली या महिन्यात. दोन दिवस विश्रांती घ्यायचं ठरवलं.

२२ जुलै.

आम्ही पहिल्या यादीत!!! अख्ख्या राज्यातून मोजक्या संस्था. प्रतिष्ठानची माणसं ऑगस्टमध्ये जागा बघायला येणार.

मेलमध्ये शीर्षक मात्र नुसतं 'भोंगा' असं आलंय. लांब शीर्षक त्यांच्या कम्प्युटरमध्ये मावलं नसावं.

२५ जुलै.

पेपरात बातमी आली. 'प्रा. गोरक्षनाथ लोंढे यांच्या संस्थेची राष्ट्रीय फेलोशिपकडे वाटचाल.' फोटो जुना दिला, केस होते तेव्हाचा.

दुपारी लालमहंमद आले. पेपरची घडी हातात, सोबत पेढ्यांचा पुडा. बसा म्हटलं तरी उभेच. आधी अभिनंदन केलं. मग म्हणाले, "सर, म्या दोनदा वाचली. पोरीचं नाव कुठं गावंना. माझा चष्मा जुना हाय, तुमी जरा दाखवता का?"

नाव नव्हतंच. त्यांना समजावलं, पेपरात जागेची फार अडचण असते, 'सहकारी' या शब्दात ती येतेच. ते "व्हय, व्हय" म्हणाले. पुडा ठेवून गेले. साधा माणूस. पटकन समजतं अशा लोकांना.

पेढे चांगले होते. सौ.ने एकही घेतला नाही. गोड कमी केलंय वाटतं.

१० ऑगस्ट.

पाहणीची तयारी. संस्था आहे कारभारींच्या कृषी सेवा केंद्राच्या वरच्या मजल्यावर. कारभारी आमचे खजिनदार. खाली खतं-बियाणं, वर विचार. प्रतीकात्मक आहे. फक्त युरियाचा वास जिन्यापर्यंत येतो.

ग्रंथालय दाखवायचंय. माझी पुस्तकं आठ-दहा कपाटं भरतील इतकी आहेत असा समज होता. एकच कपाट भरलं, तेही आडवी ठेवून. ओळखीच्या शाळेतून चार दिवसांसाठी पुस्तकं मागवली. फ्लेक्सही टाकला : मध्ये माझा फोटो, वर प्रतिष्ठानचं नाव, खाली शुभेच्छुक. इन्शाचं नाव शुभेच्छुकांत आवर्जून घेतलं, लालमहंमदांची तक्रार नको.

२१ ऑगस्ट, गुरुवार.

पाहणी झाली. अत्यंत यशस्वी.

मुंबईहून राजनंदिनी मॅडम आल्या. शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलन. माझं प्रास्ताविक थोडं लांबलं, पण पाचही खंडांची रूपरेषा सांगायची तर तासभर लागणारच. मॅडम मध्ये मध्ये घड्याळ बघत होत्या. मुंबईच्या लोकांना ती सवयच असते.

मग प्रश्न. फेलो कुठे बसणार? मी म्हणालो, इथेच, माझ्यासमोर. टेबल एकच आहे म्हणाल्या. मी म्हणालो, गुरुकुल पद्धत. स्वच्छतागृह कुठे आहे? तेवढं वर नाही. कारभारींनी त्यांना मागच्या गल्लीत आपल्या वहिनीच्या घरी नेलं. मानव्यविद्यांशी या प्रश्नाचा काय संबंध, ते कळलं नाही. तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट मागितले. आमचा सीए आजारी असतो, हे सांगितलं. कपाटातून एक पुस्तक काढून त्यांनी आतला शाळेचा शिक्का बराच वेळ वाचला. वाचनाची आवड असावी.

शेवटी म्हणाल्या, "फेलो कुठे आहेत? त्यांना बोलू द्या ना." इन्शा जिन्याजवळ चहाचे कप मोजत होती. तिने उगाच लांबण लावली नाही. मोबाईल टेबलावर ठेवला आणि तिच्या नानीचं, अख्तरीबाईंचं रेकॉर्डिंग लावलं. म्हातारी सांगत होती, "पयल्या भोंग्याला चूल, दुसऱ्याला डबा, तिसऱ्याला नवऱ्याची वाट. येक दिस तिसरा भोंगा वाजला, सगळ्यांचे नवरे आले, माझा आला न्हाई. मशिनीत गेल्ता. तवापून भोंगा वाजला की मी दारात जाती. आता तो बंद पडून किती वरसं झाली, तरी जाती. माझ्या कानात वाजतो ना."

मॅडमनी डोळे मिटून घेतले होते. प्रवासाने थकल्या असणार, डुलकी लागली. उघडले तेव्हा डोळ्यांत झोपेचं पाणी होतं.

निघताना त्यांनी इन्शाचा हात हातात धरला. मला नमस्कार केला. माझ्याबद्दल आदर वाटला असणार. अंतर ठेवूनच वागल्या.

१२ सप्टेंबर.

निवड झाली!!! मेलची पहिली ओळ : "आपणांस कळवण्यास आनंद होतो की..." पुढे वाचायला धीर नव्हता. पेपरला फोन केला. कारभारींना फोन केला. चौकात पेढे वाटले. संध्याकाळी आरशासमोर सत्काराला उत्तर देऊन पाहिलं.

१३ सप्टेंबर.

मेल पूर्ण वाचला.

इन्शाची निवड झाली आहे. संस्थेची नाही.

त्यांचं म्हणणं, प्रस्ताव या वर्षीच्या सर्वांत चांगल्या प्रस्तावांपैकी एक आहे. पण संस्था निकषांत बसत नाही. म्हणून नगरची एक संस्था इन्शाला जागा द्यायला तयार आहे. मूळ संस्थेने, म्हणजे आम्ही, ना-हरकत पत्र द्यायचं. तीस तारखेच्या आत. पत्र नाही तर फेलोशिप प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या माणसाला.

उघड उघड गैरसमज आहे. ग्रामीण भागावरचा हा जुनाच अन्याय. सविस्तर उत्तर लिहायला घेतलं. मंदिराची वैचारिक परंपरा पहिल्या परिच्छेदात.

१५ सप्टेंबर.

इन्शा आली. पत्राचा मसुदा टाईप करून आणला होता, तीन ओळींचा, सहीपुरती जागा सोडून. मी म्हणालो, हा संस्थात्मक निर्णय आहे, कार्यकारिणीसमोर ठेवावा लागेल. ती म्हणाली, कार्यकारिणीत कोण कोण आहे सर? मी, कारभारी आणि सौ. तिने विचारलं, मग आजच बसता येईल का? ही घाई या पिढीला नडणार आहे.

१९ सप्टेंबर.

कार्यकारिणीची बैठक. कारभारी दुकान सोडून वर आले, हाताला खताची भुकटी. म्हणाले, "सर, द्या की सही. पोरीचं भलं व्हईल. आपलं काय जातंय?"

हाच तो दृष्टिकोन, ज्यामुळे महाराष्ट्रात संस्था मरतात. मी त्यांना तत्त्व समजावलं. आपण रोप लावायचं, पाणी घालायचं आणि फळ नगरच्या लोकांनी खायचं? ते म्हणाले, "पानी कवा घातलं आपन?" खजिनदार बदलायला हवा.

सौ. बैठकीला आली नाही. निरोप पाठवला की तिचा होकार आहे. कोणत्या ठरावाला, ते सांगितलं नाही. गणसंख्येअभावी बैठक तहकूब.

२३ सप्टेंबर.

नवरात्र बसलं. या काळात मी महत्त्वाच्या सह्या करत नाही. असा नियम आधी नव्हता, पण असायला हवा होता.

प्रतिष्ठानला उत्तर गेलं. एकूण नऊ पानं. त्यांना तोडगा सुचवला : संस्था आमचीच ठेवा, इन्शाबरोबर मला मानद मुख्य संशोधक नेमा, ऑडिटचं मी बघतो. पोच आली : "आपला मेल मिळाला." विचार करताहेत.

२५ सप्टेंबर.

इन्शा पुन्हा. या वेळी बसली नाही. तिच्या कॉलेजने पुढच्या सत्रात तिचे तास काढून घेतलेत. फेलोशिप मिळणार म्हणून तिने दुसरीकडे मुलाखतही दिली नव्हती. मी म्हणालो, अगं, मी तुझ्यासाठीच भांडतोय.

ती म्हणाली, "सर, तुम्ही काही करू नका. फक्त मध्ये येऊ नका."

मोठ्या आवाजात नाही बोलली. तशीच, पहिल्या बाकावरून प्रश्न विचारायची त्या आवाजात. मी तिला हाताला धरून इतिहास शिकवला. आज हे ऐकायची वेळ आली.

सौ. स्वयंपाकघरातून ऐकत होती. इन्शा गेल्यावर म्हणाली, "अहो, तुम्हाला त्या पोरीचं काय खुपतंय?" मला काहीच खुपत नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे.

२७ सप्टेंबर, शनिवार.

मन शांत करायला शनिशिंगणापूरला आलो. फोन घरी ठेवला. लॉजवर उतरलो, तीन-चार दिवस मुक्काम करायचा विचार आहे.

तेल वाहिलं. गर्दी अफाट. गावात फिरलो. इथल्या घरांना दारं नाहीत, चौकटीच आहेत. भाविकांना फार कौतुक. मला पटलं नाही. माणसाकडे कुणी ना कुणी सारखं काही मागायला येतं. दार असलं पाहिजे.

लॉजला मात्र दार आहे. आतून कडी लावून घेतली.

३० सप्टेंबर.

अजून शिंगणापूर. आज काहीतरी तारीख होती असं सकाळपासून वाटत होतं.

१ ऑक्टोबर.

घरी परतलो. फोनवर इन्शाचे बरेच कॉल. लालमहंमदांचेही. कारभारींचा एकच मेसेज : "सर कुटं हाय." सौ.ने सांगितलं की इन्शा काल दिवसभर आमच्या ओसरीवर बसून होती. सौ.ने सही करून दिली, पण संचालकांची नाही म्हणून प्रतिष्ठानने घेतली नाही.

मी म्हणालो, मला कुणी आठवण का केली नाही?

सौ.ने उठून गॅस बारीक केला.

४ ऑक्टोबर.

फेलोशिप दुसऱ्या कुणाला तरी गेली. मराठवाड्यातला कुणी मुलगा. म्हणजे प्रतिष्ठानने ते आधीच ठरवलं होतं. माझा अंदाज बरोबर निघाला. पत्र दिलं असतं तरी हेच झालं असतं. फार मोठ्या मनस्तापातून मी त्या मुलीला वाचवलं, हे तिला एक दिवस कळेल.

नवा संकल्प : रोज पहाटे उठून पहिल्या खंडाची दोन पानं.

५ ऑक्टोबर.

जाग आली नाही.

१९ नोव्हेंबर.

अख्तरीबाई गेल्या. झोपेतच. सौ. इन्शाच्या घरी जाऊन आली. मलाही जायचं होतं, पण श्रद्धांजलीपर लेख लिहायला घेतला होता, 'गोदाकाठच्या एका ध्वनिसाक्षीदाराचा अस्त'. तो पूर्ण होणं जास्त महत्त्वाचं. पेपरने छापला नाही. जागेची अडचण.

सौ. परत आली, भांडी घासून झाल्यावर म्हणाली, "इन्शा विचारत होती, सरांची तब्येत बरी आहे ना."

म्हणजे राग नाही. मला माहीतच होतं.

१४ डिसेंबर.

कळलं की इन्शाने नाशिकला नोकरी धरली. खासगी क्लासमध्ये. दिवसभर फोनवर मुलांच्या आईबापांना इंजिनिअरिंगचे फायदे सांगते. पगार बरा आहे म्हणे. रेकॉर्डिंगचं काय करणार, हे कारभारींनी विचारलं होतं तिला. ती म्हणाली, मोबाईलमध्ये जागा करायला लागेल, बघू.

वाईट वाटलं. या मुलांमध्ये चिकाटीच नाही. भोंगा काय, कुणीही केला असता.

२ जानेवारी २०२६.

नव्या वर्षात नवी उमेद. अनुबोधची या वर्षीची जाहिरात आली. संस्थेचा भव्य वर्धापनदिन करून वातावरणनिर्मिती करायची. रविवारी माझं जाहीर व्याख्यान : 'मानव्यविद्या आणि अनुदान : दशा व दिशा'. फ्लेक्स खाली दुकानासमोर लावला. जुन्या विद्यार्थ्यांना मेसेज पाठवले. बऱ्याच जणांनी हात जोडलेले पाठवले.

कारभारी म्हणाले, "सर, ह्यो कार्यक्रम करा बिनघोर. पन फेब्रुवारीपून वरची खोली मला लागंल. बियान्याचा माल येतोय." त्यावर नंतर बोलू म्हणालो.

४ जानेवारी, रविवार. संध्याकाळी.

खुर्च्या पन्नास मागवल्या होत्या.

पाचची वेळ. साडेपाचपर्यंत कुणी नाही. सौ. सकाळच्या बसनेच नाशिकला गेली, कुणाकडे ते मी विचारलं नाही. कारभारी खाली गिऱ्हाईक करत होते. मुख्य म्हणजे त्याच वेळी कुठल्या तरी चॅनेलवर क्रिकेट होतं.

पावणेसहाला एक गृहस्थ जिना चढून आले. पांढरी टोपी, पन्नाशीचे. फ्लेक्स वाचून आलो म्हणाले. पहिल्या रांगेत बसले, टोपी मांडीवर ठेवली. मी सुरुवात केली. समोर एक असो की हजार, वक्त्याला फरक पडता कामा नये. मी तासभर बोललो. ज्ञानपरंपरा, समाजाची उदासीनता, मुंबईवाल्यांची मक्तेदारी, स्वतंत्र संस्थांची उपेक्षा. गृहस्थ एकदाही हलले नाहीत. मान डोलवत होते. गेल्या कित्येक वर्षांत माझं कुणी इतकं मन लावून ऐकलेलं नाही.

मग विचारलं, काही प्रश्न?

ते उठले. म्हणाले, "सर, लई मोठं बोलला. मला समदं न्हाई कळलं. म्या शेततळ्याच्या अनुदानाचा अर्ज भरलाय, दोन वरसं झाली. खाली बोर्डावर अनुदान लिवलंय म्हून वर आलो. तर ते कधी जमा व्हईल?"

मी म्हणालो, हे ते अनुदान नव्हे.

"मग हे कुनाला मिळतं?"

मी व्याख्यानाचे कागद गोळा करायला लागलो. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग आवाज खाली आणून, जवळच्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "का? तुमाला बी मिळालं न्हाई व्हय?"

एवढं बोलून त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि रिकाम्या खुर्च्या एकात एक घालायला लागले. मीही लागलो.